एक इंच उंचीची अक्षरं

गुरुवार, ३ ऑक्टोबर

आज दुकानाच्या बाथरूममध्ये पिस्तूल सापडलं. फ्लशच्या टाकीवर ठेवलेलं. हात धुताना कुणी अंगठी काढून ठेवावी आणि विसरून जावी, तसं.

मारिसोलची इनेस, चार वर्षांची, दाराशी पाय जुळवून नाचत उभी होती. तिची आई गोधडीच्या अस्तराचं कापड निवडत होती. मी म्हटलं, "थांब गं बाळ, आत कागद आहे का बघते," आणि तिच्याआधी आत गेले. एवढंच. कागद आदल्या दिवशी भरला असता तर ती आधी गेली असती. यापुढे मला लिहवत नाही.

फ्लॅनेलच्या तुकड्यात गुंडाळून ते कुलपाच्या खणात ठेवलं आणि शेरीफच्या कचेरीत फोन केला. डेप्युटी रॉइस आला. हा पोरगा माझ्याकडे आईबरोबर बटणं घ्यायला यायचा. आता त्याच्या कमरेला स्वतःचंच सामान इतकं आहे की दोन रॅकमधून आडवं चालावं लागतं. म्हणाला, "मिस अल्बिना, हे कुणाचं ते कळायला मार्ग नाही. आपल्या राज्यात अशी नोंदच नसते. कचेरीत ठेवतो. ज्याचं असेल तो येऊन खूण सांगेल आणि घेऊन जाईल."

"आणि नाही आला तर?"

"येईल हो. असं होतं कधीकधी. बसताना कमरेचं काढून ठेवतात नि विसरतात."

असं होतं कधीकधी! छत्री विसरल्यासारखं!

गुरुवार म्हणजे आमच्या गोधडीचा दिवस. मागच्या खोलीत चौकट ताणलेली असते, आठ बायका भोवती बसतो. शिवाय चर्चचा बाजार जवळ आलाय, म्हणून दिवसभरात तीस-चाळीस माणसं येऊन गेली, नवरे धरून. कोण असेल? कमरेला लावणारे बहुतेक पुरुष. पर्सवाल्या बायकांचा प्रश्न नाही, त्यांना कशाला काढावं लागतंय? मी सगळ्यांना विचारलं. सगळ्यांनी एकमेकांकडे पाहिलं. व्लास्टाने आपल्या पर्सवर थाप मारली. "माझं आहे बाई जागच्या जागी. तीस वर्षं झाली, फ्रँकने दिलं तेव्हापासून. मी काय येडी आहे?"

तिचं ते मी कधी पाहिलेलं नाही. मैत्रिणीला तिची कवळी दाखव म्हणून कुणी म्हणतं का?

तिने आज खसखशीचे कोलाचे, आमच्याकडचे गोड पाव, आणले होते. साखर घालायची राहिली होती. आम्ही सगळ्यांनी खाल्ले.

शुक्रवार, ४ ऑक्टोबर

कुणीही आलं नाही. रॉइसला दोनदा फोन केला.

ठरवलं. पाटी लावायची. पिस्तूल घेऊन माझ्या दुकानात यायचं नाही, उघडं नाही नि लपवूनही नाही. सरकारने त्यासाठी मजकूर ठरवून दिलाय, शब्दाला शब्द, इंग्रजीत आणि स्पॅनिशमध्ये, अक्षरं निदान एक इंच उंच. असं असेल तरच कायदा ती पाटी मानतो.

छापील पाटी मिळते. पण छापील पाटी मी कशाला लावू? हे कापडाचं दुकान आहे. सिस्टर अँब्रोसियाने कॉन्व्हेंटमध्ये आम्हाला सहा वर्षं अक्षरं भरायला शिकवली, टाका चुकला की सगळी ओळ उसवायला लावून. पांढऱ्या लिननवर काळ्या दोऱ्याने भरते.

सोमवार, ७ ऑक्टोबर

दोन दिवस डोळे फोडून भरली. दाराच्या काचेवर आतून टांगली. दिसते मात्र देखणी!

दहा वाजता आर्व्हिन यांडा आला. चौकाच्या पलीकडे त्याचं ढेप-पेंडीचं दुकान. त्याच्या दारावर पाटी आहे, 'हत्यारबंद गिऱ्हाइकांचं स्वागत असो'. शाळेत तो माझ्या दोन वर्षं मागे होता आणि अजून तसाच आहे.

"अल्बिना, तुझ्या दारावर कुणी मेलंय का? एवढा काळा मजकूर?"

"वाचता येत असेल तर वाच."

"वाचला. आता एखादा माथेफिरू आला तर तोही वाचेल, आणि म्हणेल, वा, इथे सगळी मेंढरं. मग काय करशील, कात्री मारशील?"

"आर्व्हिन, पन्नास वर्षं हे दुकान आहे. आधी आईचं, मग माझं. माथेफिरू एकही आला नाही. बाथरूममध्ये पिस्तूल मात्र आलं, आणि ते आणणारा गिऱ्हाईक होता."

"एका वेंधळ्यामुळे सगळ्या सरळ माणसांना चोर ठरवायचं?"

"चोर कोण म्हणतंय? विसरतात, एवढंच म्हणते. तू तुझा ट्रक चालू ठेवून दोनदा चर्चमध्ये मिस्साला आला होतास."

तो हसला. मग हसायचा थांबला. "बाजाराची गोधडी इथे शिवता ना? बघू या किती जणी येतात."

मी काही शहरातून आलेली नाही. नवऱ्याच्या, अँटनच्या, दोन बंदुका अजून कपाटात आहेत, हरणाच्या मोसमात पुतण्या नेतो. अँटन बंदूक घरात आणताना उंबऱ्याबाहेर उभा राहून दोनदा रिकामी करून बघायचा. आणि ही माणसं बटणं घ्यायला ती भरून घेऊन येतात!

गुरुवार, १० ऑक्टोबर

आठातल्या तीन आल्या.

व्लास्टा आली, पण आत नाही. दारात उभी राहून पाटी वाचत राहिली. इतका वेळ, की मला वाटलं भरतकामच बघतेय. मी म्हटलं, "ये ना. पर्स गाडीत ठेव आणि ये."

"मला सांगतेस? मला?"

"सगळ्यांना सांगते."

"तुझ्या आईच्या मयताला कोण उभं होतं? अँटन गेला तेव्हा दोन महिने तुझं दुकान कोणी उघडलं? आणि आज मी दारात पर्स ठेवू? मोलकरीण आहे?"

"बाकीच्यांना नियम आणि तुला सूट, असं कसं गं करू?"

"मी एकटी राहते, अल्बिना. गावाबाहेर. तुला काय कळणार, तू दुकानाच्या माडीवर राहतेस, खाली चौक."

मग ती वळून गेली. गाडी चौकात कुठे लावली ते शोधत दोन फेऱ्या मारल्या तिने. रागाने माणसाला दिसेनासं होतं. मी काचेतून बघत होते, दार उघडून हाक मारावी असं फार वाटलं. मारली नाही. तिने हट्ट सोडायला हवा, मी नाही. या एका गोष्टीत मी बरोबर आहे आणि व्लास्टासाठीसुद्धा चूक होणार नाही.

आम्ही पहिलीत होतो तेव्हा तिला नन्सची भीती वाटायची म्हणून ती माझ्या बाकावर अर्धी बसायची. अर्धी माझ्या, अर्धी तिच्या.

शनिवार, १२ ऑक्टोबर

आर्व्हिन आज फूटपट्टी घेऊन आला.

शप्पथ! बाहेर काचेला पट्टी लावून एकेक अक्षर मोजलं. चौकातली माणसं थांबून बघत होती. मग ऐटीत आत आला, जॅकेट बाजूला करून कमरेचं दाखवलं. "स्पॅनिश ओळी. पाऊण इंचाच्या जरा वर. कायद्याने ही पाटी नाहीच, अल्बिना. नुसता ताटावरचा रुमाल आहे."

मी पट्टी हिसकावून स्वतः मोजलं. खरंच. मी आखली होती एक इंचच, पण भरताना कापड चुणून आत येतं. दाट टाका, पातळ लिनन. स्पॅनिश ओळी शेवटी भरल्या, हात थकले होते, दोरा ओढला गेला. सिस्टर अँब्रोसिया हेच ओरडायची: कापड आत येणार हे धरून चाला, मुलींनो.

"काही घ्यायचंय का तुला?" मी विचारलं.

"नाही."

"मग झालं असेल तर जा. सोमवारी मोजायला ये."

पाटी काढली नाही. नवी होईपर्यंत चुकीची राहील. मागच्या खोलीत जाऊन नवं कापड कापलं, जाड, आणि सगळी अक्षरं सव्वा इंचाची आखली. ये म्हणावं पट्टी घेऊन.

बुधवार, १६ ऑक्टोबर

सोमवारी नवी पाटी लागली. आर्व्हिन आला, मोजली, पट्टी घेऊन परत गेला. त्याच्या दुकानात काम करणाऱ्यांच्या बायका आता आठवड्याला चाळीस मैल गाडी हाकून कापड आणतात म्हणे. आणू देत.

मारिसोल इनेसला घेऊन आली होती. माझा हात धरून म्हणाली, "आमच्यासाठी एवढं करणारं या गावात दुसरं कुणी नाही. माझी आजी म्हणायची, दुकानवाली चांगली तर गाव चांगलं." इनेसने मला आपलं चित्र दिलं. बाथरूम आहे, दारात मी आहे, खूप उंच. गल्ल्याच्या मागे लावलंय.

त्या पिस्तुलाचा मालक अजून आलेला नाही. कसला निर्लज्ज असेल! खोलीभर माणसांत माझ्या तोंडाकडे बघून नाही म्हणाला आणि अजून झोप येते त्याला. कधी कळलं तर भर चौकात नाव घेईन.

गुरुवार, १७ ऑक्टोबर

दोघी आल्या. चौकट फिरवायला चार लागतात. शिवणं झालं नाही.

व्लास्टाची मुलगी डेनिस हिचा ह्यूस्टनहून फोन. "अल्बिना आंटी, आई तुमच्याकडेच असते ना गुरुवारी? फोन उचलत नाही. आणि मागच्या आठवड्यात मला तीनदा विचारलं, बाबा केव्हा येणार." मी म्हटलं, "फ्रँक गेला तरी तिच्या स्वप्नात येतो गं, आमच्या वयात असं होतं. मला अँटन रोज दिसतो." पोरी घाबरट असतात. आई भांडून बसलीय, हे कसं सांगू?

बाजाराला नऊ दिवस राहिले. गोधडीचा एक कोपरा व्लास्टाने शिवलेला, त्यातला तारा उलटा बसलाय. आधी लक्षातच आलं नाही. तिच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन करून घ्यायला सांगितलं पाहिजे. भांडण मिटलं की.

मंगळवार, २२ ऑक्टोबर

सावकाश लिहिते.

मी तिच्याकडे गेले. माझा हट्ट सोडायला नाही, तिला बघायला. नूडल्सचं सूप नेलं. दार उघडून ती इतकी खूश झाली की मला लाज वाटली. "ये ये, किती दिवसांनी!" भांडणाचा मागमूस नाही. मला वाटलं, मोठ्या मनाची आहे. भिंतीवरच्या कॅलेंडरवर ऑगस्ट महिना. ओट्यावर कॉफीचे सात डबे, सगळे फोडलेले. मी म्हटलं, दुकान काढतेस काय? ती हसली.

मग मीच विषय काढला. मूर्खासारखा. "व्लास्टा, पाटी राहणार. पण तुझ्यावर माझा राग नाही."

"कसली पाटी?"

मी सांगितली. ती लगेच तापली. "म्हणजे मी बेजबाबदार? तीस वर्षं! बघ, बघ कसं नीट ठेवते." पर्स ओढली, बाजूच्या कप्प्याची चेन उघडली, हात घातला आणि बाहेर काढलं ते टीव्हीचं रिमोट होतं.

आम्ही दोघी त्याच्याकडे बघत राहिलो. तिने ते उलटसुलट केलं. पुन्हा कप्प्यात हात घातला, तळापर्यंत. पुन्हा बाहेर काढला.

"हे कुणी ठेवलं इथे?"

तिने पर्स टेबलावर उपडी केली.

"अल्बिना. त्या दिवशी मला शिंकांनी हैराण केलं होतं. रुमाल सापडेना. मी तुझ्या बाथरूममध्ये सगळं बाहेर काढून ठेवलं होतं, ना?" मग खूप हळू: "ते माझं होतं."

"हो गं. असेल."

"ती पोर. तिने हात लावला?"

"नाही. मी आधी गेले. कागद बघायला."

ती सोफ्यावर बसली. रडली नाही. रिमोट मांडीवर धरून बसली, मांजर धरावं तसं. मला कोलाचे आठवले, गाडी शोधत मारलेल्या फेऱ्या आठवल्या, फ्रँक आठवला, उलटा तारा आठवला. तीन आठवडे मी हे सगळं या वहीत स्वतःच्या हाताने लिहितेय!

"डेनिसला सांग," ती म्हणाली. "तिला सांगावंच लागेल. डॉक्टरकडे जाईन, जिथे म्हणशील तिथे जाईन. पण गावाला नको. आर्व्हिन यांडा हसेल माझ्यावर. मला ते समजेनासं होईपर्यंत तरी कुणी हसू नये. एवढं कर माझ्यासाठी."

मी शब्द दिला. तिच्यासमोर डेनिसला फोन केला आणि सगळं सांगितलं. डेनिस म्हणाली, सोमवारी येते. गाडीची किल्ली व्लास्टाने स्वतः काढून माझ्या हातात दिली. मागावी लागली नाही.

भर चौकात नाव घेईन, असं लिहिलं होतं मी. बुधवारीच.

गुरुवार, २४ ऑक्टोबर

व्लास्टाला मी सकाळी घेऊन आले. चौकटीशी बसवलं, हातात सुई दिली. तिचे टाके अजून माझ्यापेक्षा बारीक. तिघी आल्या होत्या, व्लास्टा धरून चार, चौकट फिरली. मारिसोलही अस्तर न्यायला आली होती, इनेसला घेऊन.

अकराला आर्व्हिन आला, रॉइसला घेऊन. स्वतःचं पिस्तूल त्याने गाडीत ठेवलं होतं, एवढा मान राखला. पण आवाज चौकभर.

"रॉइस, तूच सांग. तीन आठवडे झाले. त्या पिस्तुलाला कुणी वारस आला?"

"नाही," रॉइस म्हणाला.

"या गावात पाचशे डॉलरची वस्तू कुणी सोडून देईल? मी सांगतो. ते कुणी विसरलंच नव्हतं. या बाईंना पाटी लावायची होती. आधी पाटी ठरली, मग पिस्तूल 'सापडलं'. आणि नसेल तसं, तर नाव सांगावं. त्या गुरुवारी इथे जे होते त्यांची यादी करू. एकेकाला विचारू. रॉइस, वही काढ. ही बसलीय व्लास्टा, हिच्यापासून सुरुवात. व्लास्टा, तुझं कुठेय गं?"

व्लास्टाची सुई थांबली. तिने पर्सकडे पाहिलं, मग माझ्याकडे. त्या नजरेत ती सहा वर्षांची होती आणि समोर अख्खं कॉन्व्हेंट उभं होतं.

"वही नको," मी म्हटलं. "माझंच होतं ते."

मी कात्री खाली ठेवली.

"अँटनचं. तो गेल्यापासून मी दुकानात जवळ ठेवायचे. त्या दिवशी आत काढून ठेवलं आणि विसरले. नंतर बघितलं तर ओळखलंही नाही. मग आठवलं, पण लाज वाटली."

आर्व्हिनचं तोंड उघडंच राहिलं. मग तो जो हसायला लागला! गुडघ्यावर हात मारून. "स्वतःचंच! अगं बाई, स्वतःच्याच पिस्तुलासाठी पोलीस बोलावलेस! आणि वर आम्हाला पाटी! काढ ती आता, काढ."

"का काढू? तूच सांग. मी अशी विसरभोळी म्हातारी, आणि भरलेलं पिस्तूल घेऊन हिंडत होते. तुझ्या दुकानात माझं स्वागत आहे, तशी पाटीच आहे तुझी. माझ्या दुकानात माझ्यासारखीला बंदी आहे. आता कुठलं दुकान शहाणं?"

त्याचं हसू जरा विरलं. पण गावभर सांगत सुटला आहे, मला इथवर ऐकू येतं.

ते सोसेन. मारिसोलचं सोसत नाही. ती माझ्याकडे बघत होती, ओळख नसल्यासारखी. "तुमचं?" एवढंच म्हणाली. "माझी मुलगी दारात उभी होती." अस्तराचं कापड गल्ल्यावर ठेवलं, इनेसचा हात धरला आणि गेली. इनेस मागे वळून हात हलवत होती. मी तोंड उघडलं असतं तर एका वाक्यात ती परत आली असती. उघडलं नाही.

रॉइस मागे थांबला होता. "मिस अल्बिना, खूण सांगावी लागेल. मुठीवर काय कोरलंय?"

फ्लॅनेलमध्ये गुंडाळताना झिजलेली दोन अक्षरं दिसली होती, तेव्हा घाईत लागली नव्हती. अँटनची ए आणि के म्हणावं तर ती नव्हती. ती व्ही आणि ओ होती, व्लास्टा ओरसाकची. मी गप्प उभी राहिले.

त्याने माझ्याकडे पाहिलं, मग आतल्या चौकटीकडे. वहीत काहीतरी लिहिलं. "बरोबर," म्हणाला. "परत नेणार?"

"नाही. मोडून टाका."

"सही करा." मग टोपी घालताना हळूच: "मिसेस ओरसाकना गाडी चालवून घरी जाऊ देऊ नका."

"किल्ली माझ्याकडे आहे."

शनिवार, २६ ऑक्टोबर

बाजार झाला. गोधडी चांगली गेली. उलटा तारा आम्ही उसवला नाही, मी उसवू दिला नाही. लोक माझ्याकडे बघून कमरेवर हात ठेवत होते आणि हसत होते. दोघांनी विचारलं, आज काय काय विसरून आलात? मी म्हटलं, तुमचं नाव.

पाटी दारावर आहे. काल तिच्या खाली एकजण 'मालकीण सोडून' असं चिकटवून गेला. तेही राहू दिलं.

मिस्साच्या आधी कन्फेशनला गेले. फादर तरुण आहेत, नवे. मी सांगितलं, खोटं बोलले, चारचौघांत, पोलिसांसमोर; एका भल्या बाईचा माझ्यावरचा विश्वास त्यात गेला.

"पश्चात्ताप होतो?"

मी विचार केला. गुडघे दुखेपर्यंत केला. "नाही, फादर."

"पश्चात्ताप नसेल तर क्षमेचे शब्द मला उच्चारता येत नाहीत."

"माहीत आहे. आम्हाला नन्सनी शिकवलंय."

"मग पुढच्या वेळी येताना—"

"पुढच्या वेळीही होणार नाही, फादर. पण मी येत राहीन. तुमच्याकडे वेळ असेल तर."

पडद्यापलीकडे ते खाकरले. बहुधा हसत नव्हते.

बाहेर व्लास्टा बाकावर बसली होती, दोन्ही हात मांडीवर, नव्या शाळेतल्या मुलीसारखी. "किती वेळ! एवढी कसली पापं केलीस?"

"एकच. पण दणदणीत."

"सोडवलं का त्यांनी?"

"नाही."

ती हसली, पूर्वीसारखी, मान मागे टाकून. "मग आता?"

"सरक जरा," मी म्हटलं, आणि तिच्या शेजारी बसले.